केंद्राची यंत्रणा आणि आपल्या ठाण्यातला पहिला पंचनामा

(पोस्ट मोठी आहे. निवांत असाल तेव्हा वाचा. विशेषतः ज्यांच्या घरी पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारं लेकरू आहे, त्यांनी जरूर वाचा.)

यंदा जानेवारीत सदानंद दाते राज्याचे पोलीस महासंचालक झाले आणि आपल्याकडच्या पोरांचे स्टेटस भरून गेले. मागे ढोल, पुढे वर्दीतला फोटो, खाली 'रिअल सिंघम' वगैरे. नांदेडच्या श्यामनगर-बाबानगरातल्या अभ्यासिका असोत की लातूरचा ट्युशन एरिया, सगळीकडे तेच. मी नांदेडच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो, मूळचा औसा तालुक्यातला. नात्यातली, गावाकडची पोरं मला वकील म्हणून विचारतात, "काका, एनआयएत कसं जायचं? सीबीआयला डायरेक्ट भरती असते का?"

पोरांच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. पण ज्या माणसाचे रील फिरतायत, त्याची कारकीर्द नीट वाचली तर ती रीलमध्ये बसत नाही. आणि त्या कारकिर्दीतून नांदेड-लातूरच्या माणसानं घेण्यासारखं जे आहे, ते भलतंच आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी माणूस बघू.

दाते पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची, लहानपणी घरोघर पेपर टाकलेले. शिक्षण वाणिज्य शाखेचं, एम.कॉम. त्यावर कॉस्ट अकाउंटंट. १९९० च्या तुकडीतून भारतीय पोलीस सेवेत आले, केडर महाराष्ट्र. नोकरीत असताना आर्थिक गुन्ह्यांवर पुणे विद्यापीठातून पीएच.डी. केली. हंफ्री फेलोशिपवर अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गेले, तिथेही विषय पांढरपेशा आणि संघटित गुन्हेगारीचाच. मधल्या काळात सीबीआय, सीआरपीएफ, केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयात सहसचिव. राज्यात मुंबईचे सहपोलीस आयुक्त. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा भाईंदर-वसई विरार हे नवं आयुक्तालय सुरू झालं, त्याचे पहिले आयुक्त. मग राज्याच्या एटीएसचे प्रमुख. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या, म्हणजे एनआयएच्या महासंचालकपदी नेमणूक. आणि आता राज्याचे पोलीस महासंचालक. 'वर्दीतल्या माणसाच्या नोंदी' हे त्यांचं पुस्तक समकालीन प्रकाशनानं काढलंय, ते मराठीत आहे. रील बघणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडलं, हा प्रश्न मी मुद्दाम विचारतो.

या सगळ्या यादीत लोकांना एकच रात्र माहीत आहे. २६ नोव्हेंबर २००८.

त्या रात्री ते मुंबईच्या मध्य विभागाचे अपर पोलीस आयुक्त होते. सीएसटीवर गोळीबार करून कसाब आणि इस्माईल हे दोघं कामा रुग्णालयात घुसले. दाते मोजकी माणसं घेऊन वर गेले. समोर एके-४७ आणि हातबॉम्ब, यांच्याकडे जुजबी हत्यारं. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर तिथं शहीद झाले. दाते स्वतः छर्रे लागून जखमी झाले, पण जागा सोडली नाही. अर्ध्या तासाहून जास्त वेळ त्या दोघांना त्यांनी गुंतवून ठेवलं, तेवढ्यात आत अडकलेली माणसं निसटली. पुढं तिथून बाहेर पडलेल्या त्याच दोघांच्या गोळ्यांनी रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी जीव देऊन कसाबला जिवंत धरून दिला.

दाते यांना शौर्यासाठी राष्ट्रपती पोलीस पदक मिळालं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. मला पुढचं सांगायचंय.

२६/११ नंतर महिनाभरातच संसदेनं कायदा केला आणि एनआयए जन्माला आली. तोवर दहशतवादाच्या तपासासाठी देशपातळीवर वेगळी यंत्रणाच नव्हती. राधाविनोद राजू हे पहिले महासंचालक. नोव्हेंबर २००९ मध्ये या यंत्रणेनं डेव्हिड हेडली, तहव्वूर राणा आणि इतरांवर गुन्हा नोंदवला. हेडलीनं मुंबईत फिरून जागा हेरल्या, राणानं त्याला आपल्या कंपनीचं कागदोपत्री छत्र दिलं असा आरोप. अमेरिकेतल्या ज्यूरीनं २०११ मध्ये राणाला लष्करला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, पण मुंबईच्या कटातून सोडलं. मग प्रत्यार्पणाचा अर्ज, तिथली न्यायालयं, अपील, फेरअपील. १० एप्रिल २०२५ ला राणा दिल्लीत उतरला. गुन्हा नोंदल्यापासून जवळपास साडेपंधरा वर्षांनी. तेव्हा एनआयएच्या खुर्चीत कोण होतं? कामा रुग्णालयाच्या जिन्यात जखमी झालेला तोच अधिकारी.

सिनेमावाल्याला याहून काय पाहिजे! पण मला त्यातली गंमत वेगळी दिसते. राणाला दाते यांनी आणला नाही. राणाला फाइलीनं आणला. साडेपंधरा वर्षांत महासंचालक बदलत गेले, सरकारं बदलली, तपासी अधिकारी निवृत्त झाले. फाइल मात्र कुणी बंद पडू दिली नाही. एका साहेबानं नोंदलं, दुसऱ्यानं दोषारोपपत्र दिलं, तिसऱ्यानं अमेरिकेच्या कोर्टाच्या प्रश्नांना उत्तरं पाठवली. शेवटच्या माणसाचा फोटो छापून आला, एवढंच. केंद्रीय यंत्रणेतली कारकीर्द म्हणजे बहुतांशी हेच असतं. आपल्या आधी कुणीतरी सुरू केलेलं काम आपल्या खुर्चीत असेपर्यंत बिघडू न देणं.

आता यात नांदेड-लातूरचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. आणि तो फार अभिमानाचाच आहे असंही नाही.

आपल्या नांदेडला केंद्राच्या यंत्रणा चांगल्याच ओळखतात. ६ एप्रिल २००६, पाटबंधारे नगर. एका घरात स्फोट झाला, दोघं गेले. तपास आधी स्थानिक पोलीस, मग एटीएस, मग सीबीआय. खटल्याचा निकाल लागला ४ जानेवारी २०२५ ला, आपल्याच जिल्हा न्यायालयात. सगळे आरोपी निर्दोष. पावणेएकोणीस वर्षं! तीन यंत्रणा. निकालावर कुणाला काय वाटायचं ते वाटो, त्यावर इथं राजकीय भांडण मला नको आहे. पण एक गोष्ट कुठल्याही बाजूच्या माणसाला मान्य व्हावी. आरोपी खरंच निर्दोष असतील तर त्यांची पावणेएकोणीस वर्षं गेली. आणि नसतील तर पावणेएकोणीस वर्षांत तपास ते शाबीत करू शकला नाही. दोन्हीकडून तोटा आपल्याच गावाचा.

दुसरं प्रकरण. ऑगस्ट २०१२ मध्ये एटीएसनं नांदेडमधून पोरं उचलली. नंतर तपास एनआयएकडे गेला. जून २०२१ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं तिघांना दहा वर्षांची शिक्षा दिली आणि दोघांना निर्दोष सोडलं. पाचापैकी तिघांवर गुन्हा शाबीत झाला, म्हणजे तपास पोकळ नव्हता. पण त्या दोघांची नऊ वर्षं? ती कुठल्या खात्यात जमा करायची?

तिसरं, १० फेब्रुवारी २०२५ चा गुरुद्वारा परिसरातला गोळीबार. एक जण ठार. धागा पंजाबच्या खलिस्तानी टोळ्यांपर्यंत जातो म्हणून तपास एनआयएकडे. तो खटला अजून व्हायचाय, त्यामुळे त्यावर मी बोलणार नाही.

आणि लातूरकरांची जखम तर ताजीच आहे. जून २०२४. नीट परीक्षेच्या गैरप्रकारात एटीएसच्या नांदेड पथकानं लातुरात शिक्षकांना ताब्यात घेतलं, शिवाजीनगर ठाण्यात गुन्हा नोंदला, पुढं सीबीआय आली. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवेल. पण त्या पंधरा दिवसांत 'लातूर पॅटर्न' या शब्दाकडे देशानं कसं पाहिलं ते आपण विसरलो नाही. पहाटे चारला उठून, डबा खाऊन, दोन-दोन वर्षं घराचं तोंड न पाहता शिकलेल्या लेकरालाही लोक विचारत होते, "तुझे मार्क खरे आहेत ना रे?" तपास वेळेत आणि नीट झाला नाही तर गुन्हेगार सुटतो, हे आपण बोलतो. पण निर्दोषावरचा डाग पुसला जात नाही, हे कमी बोलतो.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे काहीही गंभीर घडलं की पहिली मागणी असते, "तपास सीबीआयकडे द्या." मोर्चा निघतो, निवेदन जातं, पुढारी माइकवर तेच म्हणतो. जणू दिल्लीहून माणूस आला की सत्य आपोआप बाहेर पडतं. तसं नसतं हो. दाभोलकरांचं उदाहरण घ्या. २० ऑगस्ट २०१३ ला खून, २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं तपास सीबीआयकडे, १० मे २०२४ ला निकाल. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. आणि मागचा सूत्रधार पुढं आणण्यात पोलीस व सीबीआय दोघांनाही अपयश आलं, हे न्यायालयानंच नोंदवलं. गेल्या वर्षी जुलैत तर दहा दिवसांत दोन निकाल आले. २१ तारखेला २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले बाराही जण उच्च न्यायालयात सुटले (त्यावर राज्य सर्वोच्च न्यायालयात गेलं). ३१ तारखेला २००८ च्या मालेगाव स्फोटातले सातही जण विशेष न्यायालयातून सुटले. पहिला तपास एटीएसचा, दुसरा एटीएसकडून एनआयएकडे गेलेला. आरोपी वेगळ्या धर्मांचे, म्हणून आपण आपापल्या सोयीनं एकावर आनंद आणि दुसऱ्यावर संताप व्यक्त केला. पण दोन्ही स्फोटांत मेलेल्यांच्या घरच्यांना उत्तर मिळालं का? नाही.

हे का होतं, ते वकील म्हणून सांगतो. तपास वरच्या यंत्रणेकडे जातो, पण तपासाचा पाया वर जात नाही. तो खालीच राहतो.

एनआयए कायद्याचं कलम ६ बघा. गुन्हा आधी स्थानिक ठाण्यात नोंदला जातो. ठाण्याचा अंमलदार राज्य सरकारला कळवतो, राज्य केंद्राला कळवतं, आणि केंद्र पंधरा दिवसांत ठरवतं की हे एनआयएचं आहे की नाही. तोवर काय? कायदाच सांगतो, तोवर तपास ठाण्याच्या अंमलदारानंच चालू ठेवायचा. म्हणजे घटनास्थळाचा पंचनामा, रक्तमातीचे नमुने, पुंगळ्या, पहिले जबाब, सगळं आपल्या ठाण्यातला माणूस करणार. सीबीआयचं तर त्याहून अवघड. ती १९४६ च्या जुन्या दिल्ली पोलीस कायद्यावर चालते, तिला राज्याची संमती लागते. महाराष्ट्रानं ती सरसकट संमती ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. सीबीआय येईपर्यंत महिने जातात, कधी वर्ष. तोवर रक्त वाळतं, सीसीटीव्हीवर नवीन चित्रण चढतं, साक्षीदाराची सोयरीक आरोपीच्या गावात होते.

दिल्लीहून आलेला साहेब कितीही हुशार असला तरी त्याला आपल्या ठाण्यातल्या हवालदारानं पहिल्या दिवशी जे लिहिलं त्यावरच इमारत उभी करायची असते.

मी स्वतः पाहिलेलं एक सांगतो. ठाण्याचं आणि गावाचं नाव घेत नाही. एका तालुक्यात शेतातल्या आखाड्यावर एकाचा खून झाला. मी मयताच्या बायकोतर्फे सरकारी वकिलांच्या मदतीला होतो. आरोपीच्या घरातून कुऱ्हाड जप्त केल्याचा पंचनामा होता. पंच साक्षीला आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, मला हॉटेलात बोलावलं, चहा पाजला आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. कुऱ्हाड मी बघितलीच नाही." कुऱ्हाड प्रयोगशाळेत गेली तेव्हा पाकिटावरचं लाखेचं सील आणि पंचनाम्यातला सीलचा नमुना जुळत नव्हता. मुद्देमाल मधले अकरा दिवस कुठं होता याची नोंद रजिस्टरला नाही. तपासी अंमलदाराला विचारलं, तर त्या आठवड्यात तो गणपतीच्या बंदोबस्तात होता. तो खोटं बोलत नव्हता. खरंच बंदोबस्तात होता.

आरोपी सुटला. कायद्यानं सुटायलाच पाहिजे होता, मी न्यायाधीशांना दोष देणार नाही. पायऱ्या उतरताना ती बाई मला म्हणाली, "वकीलसाहेब, मंग माझ्या माणसाला मारलं तरी कोणी?" पंचवीस वर्षं वकिली करतोय, या प्रश्नाला उत्तर नाही. उत्तर त्या अकरा दिवसांत हरवलं होतं.

म्हणून मला दाते यांच्या कारकिर्दीत कामा रुग्णालयाइतकंच त्यांचं कॉस्ट अकाउंटंट असणं महत्त्वाचं वाटतं. हसू नका. माझी पुतणी लातुरात पीएसआयची तयारी करते. बी.कॉम. झालीय. ती एकदा म्हणाली, "काका, आर्ट्सच्या पोरांना इतिहास-राज्यशास्त्राचा फायदा होतो. माझं बी.कॉम. वायाच गेलं ना?" मी तिला म्हटलं, बाई, आजचा गुन्हा हिशेबाच्या वहीत लपतो. दहशतवादाला पैसा कुठून आला, पतसंस्थेतल्या ठेवी कुठल्या खात्यातून कुठं गेल्या, पेपर फोडणाऱ्याला रक्कम कुणी पाठवली, हे ज्याला बँकेचं स्टेटमेंट वाचता येतं त्यालाच सापडणार. मराठवाड्यात बुडालेल्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट मोजा. किती ठेवीदार म्हातारी माणसं आज ठाण्याच्या चकरा मारतायत! तिथं दंडाचे फोटो काढणारा अधिकारी काय कामाचा? तिथं ताळेबंद वाचणारा पाहिजे.

पुतणीला पटलं की नाही माहीत नाही. पण तिनं ते पुस्तक मागवलं.

एक बाजू इमानदारीनं मांडतो. केंद्रीय यंत्रणांवर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. राजकीय वापराचा आरोप प्रत्येक विरोधी पक्ष करतो आणि सत्तेत आला की विसरतो. एनआयए आपला दोषसिद्धीचा दर ९० टक्क्यांच्या वर सांगते, पण त्यात गुन्हा कबूल करून मोकळे होणारेही मोजले जातात. यूएपीएखाली जामीन इतका अवघड की खटला संपण्याआधीच शिक्षा भोगून होते. नांदेडच्या त्या दोघांचं उदाहरण वर दिलंच आहे. एखादा प्रमुख सज्जन आहे म्हणून हे प्रश्न संपत नाहीत. खुर्चीत कोण बसलंय यावर न्याय अवलंबून असेल तर ती यंत्रणाच नव्हे, ते नशीब झालं. चांगल्या अधिकाऱ्याची खरी परीक्षा तो गेल्यावर होते. त्यानं लावलेली शिस्त पुढचा माणूस आल्यावर टिकते का, यात.

आणि म्हणूनच दाते यांचं दिल्लीहून मुंबईला येणं मला महत्त्वाचं वाटतं. एनआयएत असताना पहलगामचा तपास त्यांच्या काळात झाला. २२ एप्रिल २०२५ ला तिथं २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. डिसेंबरात दोषारोपपत्रही दाखल झालं. आता हा माणूस अशा खात्याचा प्रमुख आहे जिथं तो पहिला पंचनामा लिहिला जातो. इमारत बांधणारा आता पायाकडे आलाय. मग आपण नांदेड-लातूरकरांनी त्याचे रील फिरवत बसायचं, की त्याच्याकडं काही मागायचं?

मागण्यासारखं पुष्कळ आहे, मी तीनच गोष्टी सांगतो.

एक. २२ सप्टेंबर २००६ ला प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासाचं काम आणि कायदा-सुव्यवस्थेचं काम वेगळं करा. यंदा त्याला वीस वर्षं होतील. नांदेड परिक्षेत्रातल्या चारही जिल्ह्यांत, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, अजून तोच उपनिरीक्षक मंत्र्याच्या दौऱ्यात उभा असतो, तोच मिरवणुकीत, तोच यात्रेत आणि त्याच्याच टेबलावर खुनाची फाइल. निदान खून, बलात्कार आणि मोठ्या आर्थिक गुन्ह्यांपुरता तपासाचा माणूस बंदोबस्तातून सोडवा.

दोन. १ जुलै २०२४ पासून नवीन नागरिक सुरक्षा संहिता आली. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर जायचंय. नियम उत्तम आहे. कोऱ्या कागदावरच्या सह्यांचा धंदाच बंद होईल. पण शिपाई स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या रिचार्जवर चित्रीकरण करत असेल तर ते कोर्टात किती टिकेल? साधनं द्या, प्रशिक्षण द्या. नांदेडला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, तिथं माणसं पुरेशी आहेत का ते बघा.

तीन. ही मागणी साहेबांकडे नाही, आपल्याकडेच आहे. पंच व्हायला नको म्हणू नका. पोलीस पंच शोधत येतो तेव्हा आपण दुकानाचं शटर ओढतो. "नको रे बाबा कोर्टकचेरी." मग पोलिसाला ठरलेले दोन-चार पंच पकडावे लागतात आणि ते दोन वर्षांनी फितूर होतात. मोर्चात हजार माणसं 'सीबीआय चौकशी झालीच पाहिजे' म्हणून ओरडतात, त्यातले दोन जण पहिल्या दिवशी पंच म्हणून उभे राहिले असते तर सीबीआयची गरजच पडली नसती.

आणि मैदानावर पहाटे पळणाऱ्या पोरापोरींनो, तुमच्यासाठी. राज्यात सुमारे १५ हजार पदांची भरती मंजूर झालीय, जीव तोडून पळा, गोळा फेका. पण मैदानी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते, त्याला कारण आहे. एनआयएत थेट जायचं की नाही हे नंतर बघू. तिथले बरेच अधिकारी राज्यांच्या पोलिसांतून, सीआरपीएफसारख्या दलांतून प्रतिनियुक्तीवर गेलेले असतात. म्हणजे तो रस्ताही मुखेडच्या, उदगीरच्या, किनवटच्या ठाण्यातूनच जातो. उद्या तुम्ही तिथं शिपाई किंवा पीएसआय म्हणून लागाल आणि रात्री दोन वाजता एखाद्या मढ्याजवळ बॅटरी लावून पंचनामा लिहाल. तेव्हा तुमचा व्हिडिओ कुणी काढणार नाही. पण वीस वर्षांनी कुठल्या तरी कोर्टात तो कागद वाचला जाईल आणि त्यावर एखाद्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर अवलंबून असेल. अक्षर जरा बरं काढा आणि वेळ खरी लिहा.

माझ्या यादीत पोलीस खात्यातले बरेच मित्र आहेत. तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल. बंदोबस्त आणि तपास दोन्ही सांभाळताना नेमकी अडचण कुठं येते, नाव न घेता का होईना, कमेंटमध्ये लिहा. पक्षाची भांडणं मात्र इथं नकोत, ती करायला बाकीचं फेसबुक मोकळं आहे.